पंचांनी पाहिले नाही, तर?

फुटबॉलमध्ये आघाडीला खेळणाऱ्या खेळाडूची भाकरी गोलवर अवलंबून असते. बचावपटू कसा खेळला हे सांगायला चार वाक्ये लागतात, फॉरवर्ड कसा खेळला हे लोक एका आकड्यात सांगून मोकळे होतात. करार, पगार, वर्तमानपत्रातले कौतुक, राष्ट्रीय संघातली जागा, सगळे त्या आकड्यावर ठरते. असा एखादा फॉरवर्ड पंचांकडे जाऊन 'तुम्ही दिलेला माझा गोल खरा नाही' असे सांगतो, तेव्हा आपण थोडे थांबून विचार करायला हवा.

मिरोस्लाव क्लोज हा असा खेळाडू. त्याचा जन्म 1978 साली पोलंडमधल्या ओपोले शहरात झाला. वडील फुटबॉलपटू, आई पोलंडच्या राष्ट्रीय संघातली हँडबॉलपटू. तो लहान असतानाच कुटुंब जर्मनीत आले. मुलाला जर्मन भाषा जवळजवळ येत नव्हती. पुढे त्याने सुतारकामाचे शिक्षण घेतले. वयाच्या विशीपर्यंत तो गावपातळीवरच्या क्लबमधून खेळत होता. मोठ्या क्लबांच्या अकादमीत लहानपणापासून तयार झालेली मुले आणि हा सुतारकाम शिकलेला तरुण, यांची तुलना कोणी केली नसती. पण 2002 च्या विश्वचषकात त्याने 5 गोल केले आणि ते पाचही डोक्याने! 2006 मध्ये आणखी 5, 2010 मध्ये 4, आणि 2014 मध्ये 2. त्या वर्षी ब्राझीलविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने विश्वचषकातला आपला 16 वा गोल केला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोचा 15 गोलांचा विक्रम मोडला. जर्मनीने तो विश्वचषक जिंकला. त्या वेळी क्लोज 36 वर्षांचा होता.

एवढी मोठी कारकीर्द. पण आम्हांला आज त्याच्या एका न मोजल्या गेलेल्या गोलविषयी लिहायचे आहे.

26 सप्टेंबर 2012. इटलीतल्या नेपल्स शहरात नापोली आणि लाझिओ या क्लबांचा सामना. क्लोज लाझिओकडून खेळत होता. सामना सुरू होऊन जेमतेम चार मिनिटे झाली होती. कॉर्नरवरून आलेला चेंडू क्लोजच्या हाताला लागून जाळ्यात गेला. पंचांना हात दिसला नाही. त्यांनी गोल दिला. नापोलीचे खेळाडू तक्रार करू लागले, पण तक्रार तर प्रत्येक गोलनंतर होतेच. तेव्हा क्लोजने स्वतः पंचांना सांगितले, की चेंडू माझ्या हाताला लागला होता. गोल रद्द झाला. प्रतिस्पर्धी खेळाडूंनी त्याचा हात हातात घेतला. शेवटी लाझिओ तो सामना 3-0 असा हरला.

हे त्याने पहिल्यांदाच केले असेही नाही. 2005 मध्ये जर्मनीत वेर्डर ब्रेमेनकडून खेळताना पंचांनी त्याच्या बाजूने पेनल्टी दिली होती. मला कोणी पाडले नाही, असे त्याने पंचांना सांगितले, आणि पेनल्टी मागे घेतली गेली.

याच नेपल्सच्या मैदानावर दिएगो मॅराडोना 1984 पासून सात वर्षे खेळला. 2020 मध्ये त्याच्या निधनानंतर त्या मैदानाला त्याचे नाव दिले गेले. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने हाताने केलेला गोल साऱ्या जगाला ठाऊक आहे. तो गोल टिकला, अर्जेंटिना 2-1 जिंकली आणि पुढे विश्वविजेती झाली. नोव्हेंबर 2009 मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या थिएरी हेन्रीने हाताने चेंडू अडवला आणि सहकाऱ्याकडे ढकलला. त्यावर झालेल्या गोलमुळे आयर्लंडची 2010 च्या विश्वचषकाची वाट बंद झाली. सामना संपल्यावर हेन्रीने हात लागल्याचे मान्य केले; पण मी काही पंच नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हेन्रीचे हे म्हणणे सहज झटकून टाकता येणार नाही. नियम पाळायला लावणे हे पंचांचे काम, खेळणे हे खेळाडूचे. पंच चुकून आपल्याविरुद्धही निर्णय देतात, तेव्हा कोणी भरपाई देत नाही. मग आपल्या बाजूने झालेली चूक आपणच का दुरुस्त करायची? शिवाय गोल एकट्या फॉरवर्डचा नसतो. त्यामागे दहा सहकाऱ्यांचा घाम असतो, लांबून आलेल्या प्रेक्षकांची आशा असते. त्यांना न विचारता तो परत करण्याचा अधिकार एकट्याला कोणी दिला?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी पाहू. जे आपले आहे तेच आपण देऊ शकतो किंवा राखू शकतो. हाताने झालेला गोल लाझिओचा नव्हताच. क्लोजने सहकाऱ्यांच्या खिशातले काही काढून दिले नाही. चुकून त्यांच्या खिशात आलेले परत केले. संघाशी निष्ठा ही मोठी गोष्ट आहे, पण दुसऱ्याचे ठेवून घेण्यासाठी निष्ठेचे नाव पुढे करता येत नाही.

आता पहिला आक्षेप. पंचांचे काम निर्णय देण्याचे आहे हे खरे. पण पंच निर्णय देतात तो सत्य काय घडले यावर. ते सत्य कधी कधी मैदानावर एकाच माणसाला ठाऊक असते. तो गप्प राहिला, तर पंचांच्या चुकीत तो भागीदार होतो. हेन्री खोटे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण त्याचे सत्य शेवटच्या शिट्टीनंतर आले. तोवर आयर्लंडचे खेळाडू बाहेर पडले होते. सत्याला वेळ असते. ज्या क्षणी सत्य बोलण्याची किंमत आपल्याला मोजावी लागते, तीच ती वेळ. ती टळून गेल्यावर बोललेले सत्य खरेच असते, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काही पडत नाही.

कोणी म्हणेल, चौथ्या मिनिटाला प्रामाणिक राहणे सोपे. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हात लागला असता तर? याचे उत्तर कोणापाशीच नाही. पण 2005 आणि 2012 यांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. क्लब वेगळा, देश वेगळा, वागणे तेच. सद्गुण म्हणजे सवय, असे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. लहान प्रसंगात जो खरे बोलतो, त्याचीच मोठ्या प्रसंगात खरे बोलण्याची तयारी होत असते. मोठ्या प्रसंगाची वाट पाहत बसणाऱ्याची ती कधीच होत नाही.

2018 च्या विश्वचषकापासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला आहे. आता हात लागला की कॅमेरा बहुतेक वेळा सांगतो. खेळासाठी हे चांगलेच झाले. पण कॅमेरा दिसतो म्हणून खरे बोलणारा माणूस प्रामाणिक झाला, असे आपण म्हणू का?

आपल्या रोजच्या जगण्यात तर असा कॅमेरा नाही. दुकानदार पन्नासची नोट समजून शंभरची परत देतो. शिक्षक बेरीज करताना मुलाला दहा गुण जास्त देतात. जमिनीच्या मोजणीत कुंपण हातभर शेजाऱ्याच्या बाजूला सरकते. कचेरीत दुसऱ्याने केलेल्या कामाची शाबासकी आपल्याला मिळते. चूक आपण केलेली नसते, कोणी विचारतही नाही. घरचे म्हणतात, 'मिळाले आहे ना, गप्प बसा.' आपल्याही 'संघाची' मागणी तीच असते. आणि मुले ऐकत असतात. जास्त मिळालेले दहा गुण आपण त्यांना परत करायला लावतो की पचवायला शिकवतो, यावरून ती पुढे कशी खेळतील हे ठरते.

क्लोजच्या नावावर विश्वचषकात 16 गोल लागले. नेपल्सचा तो गोल कोणत्याही यादीत नाही. तरी त्याच्या सगळ्या गोलांवर आपण निःशंकपणे विश्वास ठेवू शकतो, तो त्या एका वजा झालेल्या गोलमुळे. आपल्या कमाईच्या यादीतूनही असे काही वजा झालेले आहे का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.