पाहुणचाराचें मोल

पैसे घेतले म्हणजे आतिथ्य संपलें, असें आपण सहज मानतों. अमेरिकेंत डाकोटा प्रांतीं ईटन बंधूंच्या रँचवर, म्हणजे गुरें पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणावर, स्नेही येऊन दीर्घकाळ राहत. खर्च यजमानांस पेलेना, तेव्हां १८८२ सालीं एका पाहुण्यानें आपण होऊन पैसे देऊं केले. त्यांतून पुढें धंदाच उभा राहिला. आज मित्रमंडळी अशा रँचवरील अतिथिगृह भाड्यानें घेतात. पैशानें पाहुणा मिंधेपणांतून सुटला आणि यजमान ओझ्यांतून. यांत वाईट तें काय? धोका निराळाच आहे. गुराख्याचे पहाटेपासूनचे कष्ट ही आतां पाहुण्याची करमणूक होऊन बसते. भाड्यानें घराचें मोल फिटतें. पाहिलेल्या श्रमांचें नाहीं. तें आदरानेंच फेडावें लागतें.