तबकडी उलटताना

माझ्या संगणकात हजारो गाणी आहेत. तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी ऐकायची झाली की मी जुनी लाखेची तबकडीच काढतो. मिनिटाला ७८ फेरे घेत ती तीन-साडेतीन मिनिटांत संपते. मग उठावे लागते, पिन बदलावी लागते, बाजू उलटावी लागते.

मित्र म्हणतात, हा जुन्याचा मोह. असेलही. तबकडीत खरखर आहेच. शिवाय ज्या घरात कधी ग्रामोफोन आला नाही, तिथेही आज खाँसाहेब गातात. हे पुण्य थोडे नव्हे. मालकीच्या अभिमानाला मी रसिकता म्हणू नये.

पण एक कबुली द्यायला हवी. संगणकावर तीच ठुमरी मी कितीदा तरी अर्ध्यावर सोडली आहे. तबकडीवर एकदाही नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले. एवढी गायकी तीन मिनिटांत बसवताना त्यांना किती गाळावे लागले असेल! उरले तेवढेही मी पुरते ऐकू नये?

दोष यंत्राचा नाही. सहज मिळालेल्याचा मान न राखणाऱ्या माझ्या मनाचा आहे. तबकडी ही त्या मनाची कुबडी. कुबडीचा अभिमान धरू नये. पण पाय लंगडा आहे तोवर ती टाकूही नये.