पडद्यावरचे दुःख आणि प्रेक्षकाचे अश्रू

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि माणसे डोळे पुशीत बाहेर पडतात. पडद्यावर घडले ते खरे नव्हते, नटांनी ते दुःख मानधन घेऊन वठविले होते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही एखादा प्रसंग वर्षानुवर्षे मनात घर करून राहतो. कथानक विसरले जाते, पात्रांची नावे विसरली जातात, तो प्रसंग मात्र जात नाही. असे का व्हावे? आणि त्या वेळी आलेल्या अश्रूंचे नैतिक मोल काय? या दोन प्रश्नांचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते.

यांतील दुसरा प्रश्न फार जुना आहे. सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो उपस्थित केला. तरुणपणी कार्थेज नगरीत शिकत असताना त्यांना नाटकांचे वेड लागले होते. त्या दिवसांकडे मागे वळून पाहताना ते विचारतात की, ही कसली करुणा? प्रत्यक्ष जीवनात दुसऱ्याचे दुःख पाहून आपण कळवळलो, तर त्याच्या मदतीला धावण्याची जबाबदारी आपल्यावर येते. रंगभूमीवरच्या दुःखात ती जबाबदारी नसते. तेथे प्रेक्षकाने फक्त रडावयाचे असते आणि त्या रडण्यातच त्याला सुख वाटते. आज घरोघरी दूरचित्रवाणी आहे, हातोहाती मोबाइल आहे. अशा काळात हा आक्षेप अधिकच टोचतो.

मात्र पवित्र शास्त्रात याची दुसरी बाजूही आहे. दावीद राजाने उरियाची पत्नी घेतली आणि उरियाला रणांगणावर मरणाच्या तोंडी दिले. त्याच्याकडे देवाने नाथान संदेष्ट्याला पाठविले. नाथानाने दोषारोप केला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकुलती एक कोकरी होती आणि एका श्रीमंताने ती हिरावून पाहुण्याच्या जेवणासाठी मारली. दावीद संतापला, त्याने त्या श्रीमंताला शिक्षाही ठोठावली. तेव्हा नाथानाने सांगितले की, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. गोष्टीने दावीदाला प्रथम न्यायासनावर बसविले आणि मग तेथून उठवून आरोपीच्या जागी उभे केले. थोर नाट्यप्रसंगाचे बळ यातच आहे, असे आम्हांला वाटते.

इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) घ्या. महायुद्धानंतरच्या रोममध्ये आन्तोनियो या बेकाराला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून तो आपली सायकल सोडवितो आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. लहानग्या ब्रुनोला घेऊन तो शहरभर वणवण करतो. शोधता शोधता ते एका चर्चमध्येही शिरतात. तेथे गरिबांसाठी मिस्सा आणि अन्नदान चालले आहे. पण शिस्त राखण्यात गुंतलेल्या त्या सेवाभावी मंडळींना या माणसाची निकड उमगत नाही. आम्हां धर्मगुरूंना हा प्रसंग पाहताना चैन पडत नाही, आणि पडूही नये.

येथवर प्रेक्षक आन्तोनियोच्या बाजूने चोरावर दात-ओठ खात असतो. अखेरीस हताश झालेला आन्तोनियो मुलाला ट्रामने पुढे पाठवू पाहतो आणि स्वतः एक सायकल पळवितो. लगेच पकडला जातो. लोक त्याला मारतात. ट्राम चुकलेला ब्रुनो बापाला बिलगून रडतो. त्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक तक्रार न करता सोडून देतो. बाप रडत रडत चालू लागतो, आणि ब्रुनो त्याचा हात हातात घेतो. इतकेच. ज्याला आपण चोर म्हणून शिव्या देत होतो, त्याचीही अशीच काही कहाणी असेल, हे तेव्हा कळते. बापाची भूमिका करणारे लांबेर्तो माज्जोरानी हे मुळात कारखान्यातले कामगार होते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत हा चित्रपट आहे.

असे प्रसंग आरडाओरडा करीत नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर अनेक महिन्यांनी परगावाहून घरी येतो. आणलेल्या वस्तू एकेक करून पत्नीला दाखवितो. लेकीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा वारली आहे, हे त्याला ठाऊक नाही. साडी हाती येताच सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. राय यांनी त्या जागी तारशहनाईचे आर्त सूर योजले आहेत. तो आवाज दिग्दर्शकाने काढून घेतला, म्हणून प्रत्येक प्रेक्षक तेथे आपल्या घरातला आवाज ऐकतो. ज्यांनी अपत्य गमावले आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

आता रोलंड जॉफे यांचा 'द मिशन' (१९८६). अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेत ग्वारानी आदिवासींना पकडून गुलाम म्हणून विकणारा मेंडोझा मत्सराने आपल्या भावाचा खून करतो. प्रायश्चित्त म्हणून तो आपले चिलखत व तलवार जाळ्यात बांधून ते ओझे दोराने ओढीत, धबधब्याच्या कड्यावरून, येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ग्वारानींच्या वस्तीकडे चढू लागतो. वाटेत एका धर्मगुरूला त्याची दया येते आणि तो दोर कापून टाकतो. मेंडोझा मुकाट्याने खाली उतरतो आणि ओझे पुन्हा बांधून घेतो. वर पोहोचल्यावर एक ग्वारानी सुरी घेऊन त्याच्यावर धावतो, सुरी गळ्याशी धरतो, आणि अखेर गळा न कापता दोर कापतो. ओझे नदीत ढकलले जाते. मेंडोझा ढसाढसा रडतो, आणि ते पाहून ग्वारानी हसू लागतात.

धर्मगुरूने कापलेला दोर पुरा पडला नाही, ग्वारानीने कापलेला पडला. याने प्रायश्चित्त संस्काराचे महत्त्व कमी होत नाही. पापक्षमा देवाची असते आणि धर्मगुरू ती ख्रिस्तसभेच्या सेवेतून देतो. परंतु ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाण्याची वाट त्यामुळे संपत नाही. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावयास प्रभू येशूने सांगितले, ते यासाठीच.

आता ऑगस्टीन यांच्या आक्षेपाकडे वळू. अश्रू खोटे नसतात, ते अपुरे असतात. काळोख्या सभागृहात आपल्याकडून कोणी काही मागत नाही, म्हणूनच मन तेथे निःशंकपणे मऊ होते. मऊ झालेल्या मातीत काही पेरले गेले नाही, तर ती पुन्हा कडक होते. आमच्या गावांतून असे भाऊ आहेत की, शेताच्या बांधावरून किंवा वडिलार्जित घराच्या खोलीवरून त्यांच्यात पंधरा-पंधरा वर्षे बोलणे नाही. एकाच मिस्साला ते वेगवेगळ्या बाकांवर बसतात. 'द मिशन' पाहताना दोघांचेही डोळे पाणावतील. आपल्या भावाच्या पाठीवर कोणते ओझे आहे आणि त्याचा दोर कापणारी सुरी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मात्र त्यांना चित्रपट संपल्यावर, घरी जाऊन, स्वतःलाच विचारावा लागेल.