गाठ परत येईल काय?

गेल्या आषाढीस सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीतले एक वृद्ध टाळकरी रात्री आमच्यापाशी येऊन बसले. त्यांच्या मांडीतली गाठ नऊ वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढलेली, वर किरणांचा उपचारही झालेला. दिवे घाट चढताना तीच मांडी दुखू लागली. म्हणाले, "बुवा, घाटामुळं दुखतंय, का ती परत आली? आन् असलं भ्या मनात येतं, म्हंजे आमची निष्ठाच कच्ची म्हणायची का?"

वाचकहो, कीर्तनात अशा प्रश्नाचे उत्तर जिभेवर तयार असते. समोर मांडी चोळीत बसलेला माणूस असला म्हणजे ते सुचत नाही.

ही गाठ 'सार्कोमा' जातीची. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांत ती उठते; तिचे प्रकार ५० हून अधिक. डोळ्यांस न दिसणारा अंश मागे राहू नये म्हणून भोवतालचे थोडे निरोगी मांसही काढतात. परतायचीच झाली तर बहुधा पहिल्या २-३ वर्षांत परतते. ५ वर्षे गेली की धोका पुष्कळ उतरतो, पण संपत नाही. काही प्रकारांत १० वर्षांनंतरही ती डोके वर काढते, कधी जुन्याच जागी, कधी रक्तावाटे फुप्फुसात. म्हणून त्या जागेची आणि छातीची तपासणी प्रथम काही महिन्यांनी व पुढे वर्षाकाठी करावयाची असते.

आमच्या टाळकऱ्यांनी ती तीन वर्षे सोडली होती. "पांडुरंगावर सोडलं," म्हणाले. आम्ही विचारले, "माउली, सोडलं म्हणता, मग रात्री उठून मांडी चाचपता कशाला?" ते गप्प राहिले.

पाठशाळेत आम्ही रज्जुसर्पाचा दृष्टांत पुष्कळ घोकला. अंधारात दोरीचा साप भासतो, दिवा आणला की भय जाते. पण तिथे ती दोरीच आहे हे सांगणाऱ्यास आधीच ठाऊक असते! इथे साप असूही शकतो. मग तर दिवा अगोदर हवा. जागच्या जागी परतलेली गाठ वेळीच सापडली, तर पुष्कळदा पुन्हा काढता येते. दिवा न लावता "दोरीच आहे" म्हणत बसणे यास आम्ही श्रद्धा म्हणत नाही. ते भयच, फक्त गळ्यात माळ घालून आलेले.

आणि भय वाटणे हा देहाचा धर्म आहे. वाटेत भूक लागली म्हणून कुणाची निष्ठा उणी ठरते काय? चिंता करणे म्हणजे देवाचा अपमान, असे आम्हीच एके काळी कीर्तनात ठासून सांगत असू. किती आजारी माणसे ते ऐकून खाली मान घालून घरी गेली असतील, कोण जाणे. ते बोलणे चुकले.

"मग वारी टाकून जाऊ?" त्यांनी विचारले. हाताला नवी गाठ लागत नव्हती, सूजही नव्हती. "पंढरपूर करा, पण तिथून थेट दवाखाना. मधे काही हाताला लागलं, तर तिथूनच मागं फिरा."

द्वादशी सोडून ते मुलाबरोबर गेले. छाती स्वच्छ निघाली. मांडीचा स्नायू ताणला होता. पुढल्या तपासणीची तारीख त्यांनी पंचांगात लिहून ठेवली आहे. ती जवळ आली की झोप लागत नाही, असे परवाच सांगत होते.