टेकू आणि दुरुस्ती

आकसलेली श्वासनलिका सैल करणारे औषध दम्याचा झटका आवरते, दमा घालवत नाही. अशा औषधाला चिकित्सा म्हणावे की नुसती वेळ मारून नेणे, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, आणि आयुर्वेदाने तो फार पूर्वी हाताळला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासरोगाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार आहेत. त्यांतला तमक श्वास आजच्या दम्याच्या सर्वांत जवळचा. ढगाळ हवा, पाऊस, गारठा आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो. आडवे पडले की जीव कासावीस होतो, उठून बसले की जरा बरे वाटते. लालबाग-परळच्या खोल्यांत पावसाळ्याच्या रात्री उशांना टेकून बसलेल्या दमेकऱ्याला हे वर्णन अनोळखी वाटणार नाही.

या रोगाला चरकाने दिलेला दर्जा आहे ‘याप्य’. साध्य म्हणजे बरा होणारा, असाध्य म्हणजे हाताबाहेर गेलेला. याप्य या दोहोंच्या मधला. उपचार चालू आहे तोवर रोगी उभा राहतो, उपचार थांबला की ढासळतो. सुश्रुतसंहितेत याला दिलेली उपमा अशी की, पडू पाहणारे घर नीट लावलेल्या टेकूने सावरावे, तसा हा उपचार. गिरगावातल्या किंवा लालबागच्या जुन्या चाळीत राहणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. सज्जाखाली लाकडी वासे नाहीतर लोखंडी टेकू, आणि त्याच सज्जावर वाळत घातलेले कपडे, हे दृश्य तिथे नेहमीचे आहे. योगायोग असा की, मुंबईतील इमारतींच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा १९६९चा, आणि साल्ब्युटामॉल हे दम्याचे सर्वांत प्रसिद्ध औषध बाजारात आले तेही १९६९मध्येच.

टेकू नेमका कुठे लागतो, हे पाहिले की दुसरा प्रश्न उभा राहतो. उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची कथा आहे. वाणी, डोळे, कान, मन एकेक करून शरीर सोडून जातात, तरी माणूस जगतो. प्राण निघू लागताच मात्र सगळी इंद्रिये मुळासकट उपटली जातात. श्रेष्ठ ठरलेला हा प्राण माणसाच्या हातात किती? छाती आणि पडदा यांचे स्नायू बऱ्याच अंशी इच्छेने चालतात. प्राणायामाची सारी शिस्त त्यावर उभी आहे. पण श्वासनलिकेच्या भिंतीतला स्नायू अनैच्छिक आहे. दम्यात आवळतो तो हा स्नायू, आणि त्याला हुकूम देता येत नाही. विसाव्या शतकात बराच काळ दमा हा मनाचा आजार मानला गेला, आणि ‘मन घट्ट कर’ असे सल्ले रोग्यांच्या वाट्याला आले. श्वासातून औषध देणाऱ्या पंपाची सवय लागते, ही घरोघरची भीतीही त्याच समजुतीची सख्खी बहीण. टेकूची इमारतीला सवय लागत नाही, गरज असते.

इच्छा जिथे पोचत नाही तिथे वनस्पती पोचल्या. महाशिवरात्रीला बाबुलनाथाच्या वाटेवर बेलाबरोबर धोतऱ्याची फुलेफळे विकायला असतात. विषारी म्हणूनच ती हलाहल कंठात ठेवणाऱ्या देवाला प्रिय, अशी श्रद्धा आहे. धोतऱ्याचा धूर ओढल्याने दम्याचा झटका उतरतो, हा भारतीय अनुभव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून ब्रिटनला गेला, आणि पुढे दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातील ॲट्रोपिन व्हेगस मज्जातंतूचा आवळण्याचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. पण विष आणि औषध यांतले अंतर धुरात मोजता येत नव्हते. इप्राट्रोपियम हे ॲट्रोपिनच्याच रेणूत बदल करून घडवलेले. श्वासातून घेतले की ते रक्तात फारसे उतरत नाही. साल्ब्युटामॉलची वाट वेगळी. ते स्नायूवरील बीटा-२ ग्राहकाला जागे करते आणि स्नायू सैल पडतो.

टेकूचा धोकाही येथेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६०च्या दशकात आयसोप्रेनलिनचे पंप खपू लागले आणि तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू वाढले. दोष औषधाचा, की आराम मिळाल्याने लांबलेल्या उपचाराचा, यावर वाद झडला. दम्याच्या मुळाशी नलिकेची सूज असते. सैल करणारे औषध सुजेला हात लावत नाही, फक्त ती जाणवू देत नाही. म्हणून २०१९मध्ये ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शनाने प्रौढांना आणि किशोरांना नुसते असे झटपट औषध देऊ नये, सोबत सूज उतरवणारे स्टेरॉइड हवेच, असे सांगितले. सुश्रुतसंहितेतल्या उपमेत ही सावधगिरी आधीच होती: टेकू ‘नीट लावलेला’ हवा.

पाया का खचतो, हा प्रश्न टेकू लावणाऱ्याचा आहे की नाही? परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो आपलाच मानला. गिरण्यांचे लालबाग, कारखान्यांचे चेंबूर, आणि खार येथल्या रहिवाशांची तुलना त्यांनी खेड्यातील रहिवाशांशी केली. दूषित हवेच्या वस्त्यांत खोकला आणि धाप यांच्या तक्रारी अधिक निघाल्या. त्या हवेवर पंपात औषध नाही.

नव्या औषधांचा शोध मात्र पुन्हा स्नायूकडेच वळला आहे, आणि त्यातला सर्वांत नवलाचा धागा कडू चवीचा. दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दाखवले की, जिभेवर कडू चव ओळखणारे ग्राहक श्वासनलिकेच्या स्नायूवरही असतात. क्विनीनसारख्या कडू द्रव्यांनी पेशीत कॅल्शियम वाढले. कॅल्शियम वाढले की स्नायू आवळतो, हा नियम. इथे स्नायू सैल पडला. उंदरांतही नलिका उघडल्या. गुढीपाडव्याला कडुनिंब खाणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल, पण चघळलेला पाला फुप्फुसातल्या स्नायूपर्यंत पुरेशा मात्रेत पोचत नाही, आणि ज्ञात कडू द्रव्ये या कामी फारच मोठ्या मात्रेत लागतात. कमी मात्रेत काम करणारा रेणू शोधणे हे उरलेले काम आहे.

तो सापडला तरी दर्जा याप्यचाच राहील, कारण सैल केलेला स्नायू म्हणजे निवलेली सूज नव्हे. चरकाने मात्र एक अपवाद ठेवला आहे: नुकताच उद्भवलेला तमक श्वास साध्य असू शकतो. आधुनिक निरीक्षणानुसार वर्षानुवर्षे सुजलेल्या नलिकेची भिंत जाड होत जाते, तिथला स्नायू वाढतो, आणि मग कोणतेही औषध ती पूर्वीइतकी उघडू शकत नाही.