लाज झाकणारा परमेश्वर

पाप केल्यावर आदाम व हव्वेने अंजिराची पाने जोडून आपली लाज झाकली. पाने ती, किती टिकणार? परमेश्वराने त्यांना शिक्षा सुनावली. परंतु एदेन बागेबाहेर घालवण्याआधी त्याने स्वतः चामड्याची वस्त्रे करून त्यांच्या अंगावर घातली (उत्पत्ती ३:२१). शिक्षा टळली नाही, पण मायाही आटली नाही.

परतलेल्या उधळ्या पुत्रासाठीही पित्याने उत्तम झगा मागवला (लूक १५:२२). बाप्तिस्म्यात आपल्यालाही शुभ्र वस्त्र मिळाले. आपण ख्रिस्त परिधान केल्याची ती खूण आहे.

मग आपल्यातला कोणी चुकला, की आपण त्याची लाज चारचौघांत का उघडी करतो? अन्याय दडपू नये. चूक सांगावी, पण त्यालाच, एकांतात. या आठवड्यात अशा एकाला आपण मायेचे वस्त्र देऊ या. प्रभू आपल्याला तशी बुद्धी देवो.