दैव पाचवं

वरंध घाट चढून आलं की वाघजाईचं देऊळ लागतं आणि तिथेच भज्यांच्या टपऱ्या. गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शिवथरघळीहून भोरला परतताना पाण्याची बाटली घ्यायला तिथे दोन मिनिटं थांबलो. परत येऊन किल्ली फिरवली, तर बॉनेटखाली नुसतं ‘टक्’ झालं आणि गाडी गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. दहा-बारा वेळा तेच. माझी जीप 1988 ची, डिझेलवरची, फोर-व्हील. एरवी मी ती उतारावर लावतो, म्हणजे वेळ पडली तर धक्का स्टार्ट करता येते. त्या दिवशी नेमकं तिचं तोंड चढाकडे होतं.

बायको म्हणाली, “अहो, मी जरा देवीला जाऊन येते.” टपरीवरून नारळ घेऊन ती गेली. पंधरा मिनिटांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, “आता बघा.” मी किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात गाडी चालू झाली. टपरीवरच्या मावशींनी देवळाकडे बघून हात जोडले. मीही जोडले. पण 31 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला प्रश्न काही सोडेना. गाडी चालू झाली ती कशानं?

याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक, देवीनं केली. दुसरं, योगायोग, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पहिलं देणारा स्वतःला भाविक समजतो, दुसरं देणारा शहाणा. मला मात्र दोघे सख्खे भाऊ वाटतात, कारण दोघांचंही उत्तर मिळालं की बॉनेट उघडायची गरज उरत नाही.

मी उघडलं. म्हणजे भोरच्या मिस्त्रीकडून उघडवलं. “सर, सेल्फ गेलाय,” तो म्हणाला. स्टार्टर मोटरला गॅरेजात सेल्फ म्हणतात. ज्या शब्दाचा अर्थ सांगताना वेदान्ती थकले, तो इथे बारा व्होल्टवर फिरतो, ही गंमत मी मनातच ठेवली. मिस्त्री गाडीखाली गेला, सेल्फवर पान्ह्यानं दोन ठोके मारले आणि ओरडला, “मारा सेल्फ!” गाडी चालू. “बघा, कार्बन झिजलेत. ठोकलं की जागेवर बसतात.” निदान वेडगळ नव्हतं. झिजलेले कार्बन अडकतात आणि ठोक्यानं सुटतात, हे खरंच आहे. नवे कार्बन, नवे बुश, नवा सोलेनॉइड असा सेल्फ बांधून घेतला. 4,200 रुपये गेले. अकरा दिवस गाडी गुणी बाळासारखी वागली. बाराव्या दिवशी टक्.

मग बॅटरीवर संशय. तीही नवी घेतली. पुन्हा टक्.

न्यायशास्त्राच्या आमच्या तर्कसंग्रह या ग्रंथात अन्नंभट्टांनी अशा फसव्या खुणेला नाव दिलं आहे: सव्यभिचार हेतू. जी खूण एका कारणाशी एकनिष्ठ नसते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. टक् ही तशीच खूण आहे. किल्ली फिरवली की सोलेनॉइड आतला दांडा ओढतो. दांडा एकीकडे छोटं दातेरी चक्र फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये घुसवतो आणि दुसरीकडे तांब्याचे जाड संपर्क जोडतो. मग शेकडो अँपिअरचा लोंढा मोटरीत शिरतो. टक् म्हणजे दांडा हलला, एवढंच. पुढचं का झालं नाही? बॅटरी उतरलेली असेल, संपर्क जळलेले असतील, कार्बन अडकले असतील, एखादा सांधा कुजला असेल. टक् या सगळ्यांच्या घरी जेवतं.

शेवटी शिरवळच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्यांनी पान्हा उचललाच नाही. आधी हेडलाइट लावायला सांगून सेल्फ मारायला लावला. टक् झालं, पण दिवे जराही मंद झाले नाहीत. “बॅटरी नाही,” ते म्हणाले. मग विचारलं, “सर, सेल्फ मारताना आणखी काय होतंय?” मी ओशाळून सांगितलं की इंजिन बंद करायची जी खेचायची मूठ असते, ती हल्ली गरम लागते. आधी मिस्त्रीला आणि बॅटरीवाल्याला सांगितलं होतं, दोघेही हसले होते. म्हातारबाबा हसले नाहीत. त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. “मारा.” तिथे काटा जेमतेम हलायला हवा होता, पाव व्होल्ट फार झाला. तो पाचाच्या आसपास गेला. मग एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला जोडली आणि गाडी धडाक्यात सुरू झाली. केबल काढली, टक्. पुन्हा जोडली, चालू.

वर्गात मी याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणायचो. ते असलं की हे होतं. ते नसलं की हे होत नाही. शेडमध्ये त्याला नाव नव्हतं, पण केलं तेच.

दोष अर्थिंगच्या पट्टीत होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीनं जोडावा लागतो. बॅटरीतून गेलेला लोंढा त्याच पट्टीतून परत येतो. ती हिरवी पडून कुजली होती, चार तारा उरल्या होत्या. लोंढ्याला घरी जायला वाट मिळेना, म्हणून तो डॅशबोर्डपासून डिझेल पंपापर्यंत जाणाऱ्या बारीक पोलादी स्टॉप केबलमधून घुसत होता. मूठ गरम व्हायची ती त्यामुळे. “सगळे लाल वायरीच्या मागं लागतात सर,” म्हातारबाबा म्हणाले, “काळीकडं कोण बघतंय?”

मला लाज वाटली ती काळी वायर न पाहिल्याची नाही. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे अनुमान मी 31 वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि इथे धूर रोज माझ्या मुठीत येत होता. मी तो गाडीच्या म्हातारपणात जमा करून टाकला होता.

मग ठोक्यांनी गाडी का चालू झाली? पट्टीचं टोक सेल्फच्याच बोल्टखाली आवळलेलं होतं. ठोका सेल्फला बसला, हललं ते टोक. सेल्फ काढून पुन्हा बसवताना तो बोल्ट घट्ट झाला, त्यावर अकरा दिवस निघाले. आणि नारळ? दहा-बारा वेळा सेल्फ मारून तो कुजका सांधा तापला होता. पंधरा मिनिटांत निवला आणि पुन्हा जेमतेम धरू लागला. नैयायिकांचं एक लाडकं गाढव आहे. कुंभाराच्या घरी मडक्याआधी ते हजर असतं, माती वाहून आणतं, तरी मडक्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. अशा वस्तूला ते अन्यथासिद्ध म्हणतात. माझ्या गाडीच्या बाबतीत नारळ अन्यथासिद्ध होता. हिचा उपास नसता आणि आम्ही पंधरा मिनिटं भजी खात बसलो असतो, तरी गाडी चालू झाली असती.

घरी येऊन गीतेचा अठरावा अध्याय काढला. चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. हा श्लोक मी शेकडो वेळा शिकवला, पण त्यातल्या क्रमाकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. दैव पाचवं आहे. श्लोकातच तसा आकडा घातला आहे. आपण मात्र मोजायला तिथूनच सुरुवात करतो. निकाल लागला नाही, लग्न मोडलं, गाडी बंद पडली, की पहिलं बोट कपाळाकडे जातं. आणि पहिलं कारण अधिष्ठान, ज्याच्या आधारानं बाकी सगळं चालतं ते. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ शरीर असा केला, ज्ञानेश्वरांनीही देह असाच. गॅरेजात म्हणतात, “अर्थिंग बॉडीला नीट लागलंय का बघा.” मी कर्त्याला, म्हणजे स्वतःला, शिव्या दिल्या, करणं बदलण्यात हजारो रुपये घातले, दैवाला नारळ दिला. अधिष्ठानाकडे वाकून पाहिलं नाही.

हे सगळं मोठ्या उत्साहानं बायकोला ऐकवलं. गाढवासकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण मी नारळ गाडी चालू व्हावी म्हणून फोडला, असं तुम्हाला कुणी सांगितलं? बंद पडायचीच होती ती घाटातल्या वळणावर, अंधारात नाही पडली. उजेड होता, पाणी होतं, चार माणसं होती. त्याचा फोडला.”

मी भाष्य पुन्हा उघडलं. शंकराचार्य इथे दैव म्हणजे कपाळावरची रेघ म्हणत नाहीत. डोळे वगैरे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता, असा त्यांचा अर्थ आहे. म्हणजे डोळा माझा, पण उजेड माझा नव्हे. ही मोजत होती ते तेच. जे पान्ह्यानं आवळता येत नाही आणि ज्याची पावती फाडता येत नाही, ते पाचवं. चार कारणं तपासून झाल्यावर जे उरतं, त्याच्यापुढे हात जोडणं ही अंधश्रद्धा नव्हे. चारांची तपासणी टाळण्यासाठी जोडलेले हात मात्र आळशाचे. मी पूर्वी केलेल्या नमस्कारांची बेरीज काढली, तर दुसऱ्या प्रकारचेच जास्त निघतील.

नवी पट्टी 180 रुपयांना आली. त्यानंतर टक् ऐकू आलेलं नाही. तुमची गाडी अशी गप्प झाली तर आधी काळी वायर बघा. नारळ फोडायचा असेल तर जरूर फोडा, पण गाडी चालू झाल्यावर.